कार्डं सहा, माणूस एक

आज संध्याकाळी माझ्या मुलाने आरशासमोर उभं राहून मंचावर पाकीट घेण्याचा सराव केला. उजवा हात पुढे, डावा त्याच्या कोपराखाली, मान किंचित झुकलेली, आणि नजर पाकिटाकडे न ठेवता सरळ समोर, जिथे उद्या फोटो काढणारा उभा असेल तिथे. तीनदा केलं. तिन्ही वेळा सफाईने जमलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. त्याला नोकरी नाही ही काळजी जुनी, चार वर्षांची. ती आता घरातल्या मोडक्या खुर्चीसारखी झाली आहे, वळसा घालून मी कामं करते. ही काळजी वेगळी आहे. त्याला हे चांगलं जमायला लागलं आहे.

तो चौतीस वर्षांचा आहे. हातात कसब मोटर वाइंडिंगचं. पंख्याच्या मोटरीत तांब्याच्या तारेचे वेढे भरायचे. तार केसाएवढी. वेढे कमी पडले की मोटर तापते, जास्त झाले की पंखा रेंगाळतो. पंख्यांच्या कारखान्यात त्याने नऊ वर्षं हेच केलं. बाकीचे कामगार काउंटरकडे बघत वेढे मोजायचे, हा गप्पा मारत भरायचा. "बोटांना कळतं गं," म्हणायचा. मी बी.ए. झालेली बाई, मला बोटांना कळण्याचं फारसं कौतुक नव्हतं. मला वाटायचं, जरा शिकला असता तर टेबलाशी बसला असता.

मग कारखाना बंद पडला. असं आपलं म्हणायचं. कारखाने पडत नाहीत, मालक ते उचलून नेतात. एका शुक्रवारी ट्रकवर यंत्रं चढली, आणि सोमवारी चारशे माणसं फाटकावर उभी राहून आत नसलेल्या यंत्रांची वाट बघत होती.

तिथून पुढे माझ्या मुलाचं जे काही आयुष्य आहे ते जिल्हा रोजगार कार्यालयात घडलं. हे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट दोन वर्षांपासून बंद आहे, लिफ्टमन मात्र तळमजल्यावर स्टुलावर रोज हजर असतो. त्या इमारतीत कायमची नोकरी असलेला मला माहीत असलेला तोच एक माणूस.

कार्यालयाची एक योजना आहे. जो मालक नवा माणूस कामावर घेईल, त्याला त्या माणसाचा अर्धा पगार कार्यालय तीन महिने देतं. चौथ्या महिन्यापासून सगळा पगार मालकाने द्यायचा. त्यामुळे या जिल्ह्यात कोणाच्याही नोकरीला चौथा महिना उजाडत नाही. एकोणनव्वदाव्या दिवशी मालक खांद्यावर हात ठेवतो, म्हणतो, काम छान आहे तुझं, पण सध्या मंदी आहे. आणि नव्वदाव्या दिवशी दुसरा नवा माणूस घेतो.

माझा मुलगा पहिल्यांदा लागला तो खोक्यांच्या गोदामात. तीन महिने चिकटपट्टी लावली. नोकरी लागली म्हणून त्याचं बेकारीचं कार्ड रद्द झालं होतं, म्हणून परत गेला तेव्हा नवं कार्ड, नवा क्रमांक. दुसऱ्यांदा राखणदार म्हणून लागला, तोही कुठे, तर त्याच्याच रिकाम्या कारखान्याच्या फाटकावर. नऊ वर्षं ज्या फाटकातून आत गेला त्याच्याबाहेर बसून तीन महिने कोणी आत जाऊ नये म्हणून पहारा केला. आत जाण्यासारखं होतं काय, तर कबुतरं. मग औषधांच्या बाटल्यांना झाकणं, मग एका दुकानात फरशी आणि हिशेब दोन्ही, मग ट्रकमधून खुर्च्या उतरवणं. सहाव्या वेळी कार्यालयाने स्वतःच त्याला घेतलं, संगणकावर बेकारांची नावं भरायला. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत त्याने नावं भरली आणि दुपारनंतर काउंटरच्या पलीकडे जाऊन रांगेत उभा राहिला. त्याच्या जागी बसलेल्या नव्या मुलीने त्याचं नाव भरून घेतलं. तिला कळ कुठली दाबायची ते यानेच सांगितलं.

कार्डं सहा, माणूस एक. पण कार्यालयाच्या तक्त्यात माणसं मोजत नाहीत, नोकरी लागून रद्द झालेली कार्डं मोजतात. माझ्या एकट्या मुलाने जिल्ह्यात सहा जणांना रोजगार मिळवून दिला. आपल्या पोराने काही केलं नाही असं म्हणायची सोय नाही.

कार्यालय दरवर्षी एक पुस्तिका काढतं, गुळगुळीत कागदावर, 'यशोगाथा' नावाची. तिच्यात त्याचा फोटो आतापर्यंत तीनदा आला. तिसऱ्या वेळी कार्यालयाच्या साहेबांनी त्याला मिशी वाढवायला सांगितली, म्हणजे चेहरा जरा वेगळा दिसेल. वाढवली. घरी आला तेव्हा ओठ मुरडून म्हणाला, "आई, ओळख पाहू, मी कितवा?" आणि आम्ही दोघं ओटा पुसता पुसता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेव्हा तो हसत होता. गल्लीत त्याला आता यशोगाथाच म्हणतात. कोपऱ्यावरचा सलूनवाला लांबूनच विचारतो, "काय यशोगाथा, आज कितवा अध्याय?"

गेल्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर कार्यालयात गेले. उद्याच्या रोजगार मेळाव्यात मंचावर त्याला नेमणूकपत्र द्यायचं ठरलं आहे, आणि यशस्वी उमेदवाराची आई म्हणून मलाही पहिल्या रांगेत बसायचं आहे. साहेबांना मी कोणती साडी नेसणार हे आधी बघायचं होतं. फोटोत मागच्या पडद्याशी रंग मिसळू नये म्हणून.

साहेब माणूस गोड. भिंतीवर दोन रेघांचा तक्ता, निळी रेघ वर चाललेली, लाल खाली.

"ताई, तुमच्या मुलाने जिल्ह्याचं नाव काढलं," साहेब म्हणाले.

"सहा वेळा काढलं," मी म्हणाले.

"हो ना. सहा वेळा." टोमणा त्यांच्या अंगावरून पाण्यासारखा निथळून गेला. "आणि ही लाल रेघ बघा. बेकार किती कमी झाले."

"आमच्या वरच्या मजल्यावरचे काका धरलेत का त्यात?"

हे काका त्याच कारखान्यात लेथवर होते. कार्ड चालू ठेवायला दर महिन्याला स्वतः येऊन सही करावी लागते. काकांचे गुडघे गेले, तीन जिने चढवेनात, सही राहिली, नाव कटलं.

साहेबांनी नव्या मुलीला बघायला सांगितलं. तिने बघितलं. "ते श्रमबाजारातून बाहेर पडले आहेत," साहेब म्हणाले.

"कुठे गेले?"

"बाहेर."

"ते आमच्या वरच असतात. दिवसभर येरझाऱ्या घालतात, खाली ऐकू येतं."

"तसं नाही ताई. म्हणजे ते आता बेकार नाहीत."

काकांना हे मी मुद्दाम जाऊन सांगितलं. म्हणाले, "बरं झालं बाई. मला उगाच वाटत होतं."

निघताना मी साहेबांना विचारलं, मेळाव्यात देणार त्या पाकिटात काय असेल. साहेब म्हणाले, "प्रातिनिधिक पत्र."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचं प्रतिनिधित्व करणारं. कार्यक्रम झाला की पाकीट तेवढं परत करायचं हं. मोजकीच छापली आहेत."

मग आवाज खाली आणून त्यांनी माझ्या मुलाला सांगितलं की हे नीट पार पडलं तर कार्यालयात मार्गदर्शक म्हणून वर्षभराची जागा आहे. टेबल, खुर्ची, पंखा. मी बाहेर आले तेव्हा, आता कबूल करायला हरकत नाही, माझे पाय जमिनीला लागत नव्हते. इतका वेळ ज्या तक्त्याकडे बघून नाक मुरडत होते, त्याच तक्त्याच्या खालचं टेबल दिसल्यावर मी विरघळले. माझी जाऊ गेली चार वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात विचारते, "काय करतो हल्ली?" मला तिला एकदा सांगायचं होतं, कार्यालयात असतो.

त्या हावेपायी मी परवा जे केलं ते अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही.

झालं असं. दीड महिन्यापूर्वी आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळाली. मुलाने ती जिन्यात उघडून ठेवली आणि तार आणायला बसस्थानकामागच्या वाइंडिंगच्या दुकानात गेला. दुकान एका साठीच्या बाईचं. नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. याने तारेचं माप इतकं नेमकं सांगितलं की बाई दुकान बंद करून मागोमाग बघायला आल्या. जिन्याच्या पायरीवर बसल्या. हा उठायला लागला तर म्हणाल्या, "हात थांबवू नकोस रे, बघू दे." दोन तास बघत होत्या. मी चहा नेऊन दिला तो निवून गेला. मोटर फिरली तेव्हा त्यांनी कान लावून ऐकली आणि त्याचा नंबर घेऊन निघून गेल्या.

परवा सोमवारी त्यांचा फोन आला. मुलाचा फोन ओट्याजवळ चार्जिंगला लावलेला, तो स्वतः शर्ट शिवायला टाकून यायला गेलेला. मी उचलला.

"आई का तुम्ही त्याच्या? हे बघा, मला बारीक तार दिसेनाशी झालीय. काम ढीगभर पडलंय आणि माणूस मिळत नाही. जिल्ह्यात एवढे बेकार आहेत म्हणतात, मला मेला एक सापडत नाही. पाठवता त्याला? कायमचा."

मला त्यांचं दुकान दिसलं. जेमतेम दोन माणसं बसतील एवढं, वार्निशच्या वासाचं, भिंती काळ्या. जावेचा चेहरा दिसला.

"त्याचं कार्यालयात होतंय," मी म्हणाले. "मार्गदर्शक म्हणून. बसून काम आहे."

बाईंनी विचारलं, "कोणाला मार्ग दाखवणार आहे तो?"

मी चार्जरची वायर सरळ करत राहिले. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. गुरुवारपर्यंत थांबते. सकाळी सातला शटर वर करते, त्याच्या आत कळवा. नाहीतर दुसरा एक जण यायला तयार आहे, हात जड आहे त्याचा, पण त्याला हो म्हणून टाकते."

मी त्यांचा नंबर हाताशी असलेल्या कागदावर उतरवला, फोन ठेवला आणि मुलाला काही सांगितलं नाही. चौतीस वर्षांच्या माणसाची नोकरी मी त्याला न विचारता नाकारली. साहेब निदान विचारतात तरी.

उद्या गुरुवार.

आज संध्याकाळी सराव झाल्यावर तो माझ्याकडे वळला. "आई, मान बरोबर होती?"

"मान ठीक आहे. पत्र कोरंच ना?"

"प्रातिनिधिक असतं," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हसेल, मग हसेल. नाही हसला. साहेबांचा शब्द त्याच्या तोंडी असा बसला होता जसा काही तो घरचाच.

"आणि ती मार्गदर्शकाची जागा," मी म्हणाले, "नेमकं काय करायचं त्यात?"

"नव्या उमेदवारांना तयार करायचं. मंचावर कसं यायचं, पाकीट कसं घ्यायचं, पुस्तिकेसाठी दोन वाक्यं काय बोलायची. साहेब म्हणाले, तुझ्याइतका अनुभव जिल्ह्यात कोणाला नाही."

त्याचे बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "सातवा अध्याय आणि थेट गुरुजी."

"बाबा, तुम्ही तरी नका म्हणू."

"का? प्रगती आहे. आजवर एकटा नोकरीविना राहत होता, आता वर्ग घेईल."

उद्याच्या नव्या शर्टाच्या बाहीला एक दोरा सुटला होता, तो ओढून त्याने टेबलावरच्या पेन्सिलीला गुंडाळायला सुरुवात केली. बाबांशी बोलत होता, पेन्सिलीकडे बघतही नव्हता. वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक चढू न देता. तो उठून गेल्यावर मी ती पेन्सिल घेऊन दिव्याखाली धरली. फट शोधली. एकही नव्हती. मोजायला गेले, तर दोनदा चुकले.

ती पेन्सिल आता माझ्यासमोर आहे, मी पेनने लिहिते आहे. घरात सगळे झोपलेत. वरचे काका, जे बेकार नाहीत, ते वर येरझाऱ्या घालताहेत.

बाईंचा नंबर मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहिलेला सापडला. हाताशी तेवढाच कागद होता तेव्हा. पुढच्या बाजूला साहेबांची सही, सोनेरी किनार आणि 'सहकुटुंब उपस्थितीची विनंती'. कार्यालयाची गाडी आम्हाला न्यायला नऊला येणार आहे. बाई सातला शटर वर करतात.

साडेसहाला त्याला उठवीन. सोमवारी मी काय केलं ते आधी सांगीन, तो चिडला तर चिडू दे. त्याने मेळाव्याला जायचंच म्हटलं तर जाईल, माझं सांगून झालं की माझं काम संपलं. मग मी बाईंना फोन लावीन आणि म्हणेन, सोमवारचं उत्तर माझं होतं, त्याचं तुम्ही त्यालाच विचारा. आणि त्या बोलायला लागल्या की फोन त्याच्यापुढे धरीन. हात पुढे करायची सवय आहेच त्याला.