हेल्मेटच्या आतला अंतरा

"ती कुठं गाती? नुसते ओठ हलवती."

मी तालमीच्या खोलीबाहेर चप्पल काढत होते. एक चप्पल पायातच राहिली. आत ढोलकीवाली हसली, "हौ ना! रेडिओ चालू, आवाज बंद."

बोलणारी आमच्या समूहगीताची मुख्य गायिका. रोज शेंद्र्याहून बसनं यायची. माझ्याबद्दल ती बोलली याचं वाईट वाटलं नाही. ती खरं बोलली याचं वाटलं.

युवक महोत्सवासाठी कॉलेजातल्या आम्ही सात मुली तयारी करत होतो. विद्यापीठात गायला सहाच जाणार होत्या आणि निवड त्याच दुपारी होती. मला जायचं होतं. इंग्रजी शाळेतली सगळी वर्षं मी प्रार्थनेलाही मागच्या रांगेत काढली होती. या वेळी मात्र स्टेजवर कोणती ओढणी घ्यायची, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

गाणं बसवणाऱ्या सरांनी पेटीवर काळी चार धरली होती, मुलींची नेहमीची पट्टी. अंतरा वर चढला की माझा आवाज फाटायचा. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी आवाज काढणंच बंद केलं. ओठ मात्र इतके मन लावून हलवायचे, की सरांना शंका आली नाही.

मग मागच्या आठवड्यात सरांनी चाल समजावताना अंतरा स्वतःच्या पट्टीत म्हणून दाखवला. काळी दोन, पुरुषांची, खालची. ढोलकी जोरात वाजत होती. मी नकळत त्यांच्याबरोबर गाऊ लागले, आणि आवाज कुठंही न अडकता बाहेर आला. जाड, मोकळा, पार बरगड्यांत घुमणारा. हा आपला आहे? ढोलकीमुळे कुणाला ऐकू गेला नाही. त्या संध्याकाळी क्रांती चौकात गाडीवर, हेल्मेटच्या आत, मी तोच अंतरा म्हणत होते. सिग्नल सुटल्याचं मला कळलंच नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि ओरडला, "ओ ताई, झोपल्या का?"

सरांना सांगायचं रोज ठरवायचे आणि रोज राहायचं. पट्टी बदलायची तर ढोलकी उतरवून पुन्हा लावावी लागते. सगळ्यांनी माझ्यासाठी ताटकळायचं, आणि वर मी पुरुषी आवाजात गाणार!

निवड सुरू झाली. एकेकीनं अंतरा म्हणायचा होता. शेंद्र्याची म्हणाली तेव्हा शेजारच्या खोलीतली नाटकाची तालीम गप्प झाली.

"मस्त," सर म्हणाले. मग त्यांची रोजची तक्रार आली. "पण खालून आधार नाही गं गाण्याला. सगळ्या वरच उडताय. खालचा एक आवाज मिळाला असता, तर काय गाणं उभं राहिलं असतं!"

सर आठवडाभर हेच म्हणत होते आणि मी आठवडाभर ओठ हलवत होते.

"चला मॅडम, तुमचा नंबर," ढोलकीवाली म्हणाली. शेंद्र्याचीनं तिला कोपरानं ढोसलं.

सरांनी सवयीनं काळी चार दाबली. घसा बसलाय, हे वाक्य मी सकाळपासून तयार ठेवलं होतं.

"सर, ही नको, काळी दोन द्या," मी म्हणाले. "आणि तू ढोलकी उतरव गं. मी थांबते."