तीन कोनशिला आणि एक तार

गुरुवार, २२ जानेवारी. डहाणूतली आमची चिकू वाळवण्याची शेड. हजर: मी, झरीहून कामाला येणारी लाडकी आणि नेपाळहून फोनवर माया, म्हणजे मानबहादूरची बायको. ती एवढंच म्हणाली, "दीदी, तार तुटली." पुढचं तिला सांगावं लागलं नाही. त्यांच्या नदीवर पूल नाही, तारेला टांगलेल्या पाळण्यातून लोक पलीकडे जातात, हे मला ठाऊक होतं. मान त्या पाळण्यात होता. मांडीवर वाळवलेल्या सफरचंदांची गोणी होती.

मान एकोणीस वर्षं आमच्या वाडीत होता. आला राखणीला आणि झाला वाळवणीतला सगळ्यात जाणता माणूस. कुणी "ए बहादूर" म्हटलं की तो वळून बघायचा नाही. "आमच्याकडे अर्धं गाव बहादूर आहे. माझं नाव मान." चिकू उतरवण्याआधी तो सालीवर नख ओढायचा. आत हिरवं दिसलं की फळ कच्चं, झाडावरच राहू दे. लाडकी चिडवायची, "बायको पण अशीच बघून आणली का रे?" "तिनेच मला खरवडून बघितलं," तो म्हणायचा.

तो परत गेला तो मोठ्या उमेदीने. त्याच्या गावची सफरचंदं सडत होती, कारण रस्ता नदीशी येऊन संपायचा. जाताना मी त्याला यादी करून दिली: चाळण्या, सुऱ्या, जाळीचं कापड, झाकणाचे डबे. त्याने शेड उभी केली, गावातल्या अकरा बायकांना हाताशी घेतलं. पूल मंजूर होता, मंत्र्याने कोनशिला बसवली होती, दोन खांबही उभे होते. शहरातला व्यापारी वर्षभर माल उचलायला तयार होता. ट्रक शेडपर्यंत यावा, एवढीच त्याची अट.

मग सरकार पडलं. नव्या मंत्र्याने जुन्याचा ठेकेदार काढला, आपला आणला, दुसरी कोनशिला बसवली. तेही सरकार पडलं. तिसऱ्याने पुलाची जागाच बदलून तिसरी कोनशिला बसवली, कारण त्याचे मतदार खालच्या वळणावर राहत. राजा गेला, नवी राज्यघटना आली, एवढा मोठा पालट त्या लहान देशाने पेलला... आणि एक पूल मात्र झाला नाही. प्रत्येक शपथविधीनंतर मानचा फोन यायचा. "दीदी, नख लावून बघितलं. हा पण हिरवाच." आम्ही दोघं हसायचो. व्यापाऱ्याने दोन हंगाम वाट पाहिली आणि बाहेरच्या देशातला माल घेतला. अकरा बायकांपैकी सातजणी नवऱ्यांमागे परदेशी गेल्या, बाकीच्या घरी बसल्या. मान एकटाच गोण्या वाहत राहिला.

लोक अपघात म्हणतात. मी तो शब्द वापरणार नाही. मला क्षमा वगैरे सुचत नाही. त्या तिन्ही मंत्र्यांना त्याच तारेवर बसवावं, नदीच्या मध्यावर न्यावं आणि सरकार स्थिर होईपर्यंत तिथेच लटकत ठेवावं, असं मला रोज वाटतं.

ते माझ्या हातात नाही, म्हणून फलक करायला दिला. लिपी त्यांची-आपली एकच, त्यामुळे स्टेशनजवळच्या जयेशभाई पेंटरचंच काम. वर मानचं नाव, खाली कोनशिलांवरची तीन नावं, प्रत्येकापुढे त्याने काय केलं ते. नदीकाठच्या खांबावर माया तो बसवणार आहे, मतं मागायला येणाऱ्यांना समोरच दिसेल असा.

"बेन, कोणी उखडून टाकला तर?" जयेशभाईंनी विचारलं.

"तर तुम्ही दुसरा रंगवाल."

"अक्षरा मोठी काढा," लाडकी म्हणाली. "लांबून वाचाया आली पायजेत."

तीन नावांखाली चौथ्या नावाची ओळ कोरी ठेवायला सांगितली आहे. तार झिजल्याचा अर्ज मानने मरणाआधी सहा आठवडे दिला होता. पोच मायाकडे आहे. पण त्याच आठवड्यात मंत्रिमंडळ बदलत होतं. जुना म्हणतो, मी खातं सोडलं होतं. नवा म्हणतो, मी घेतलं नव्हतं. मायाने तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या, मी इथून आठ फोन केले. अर्ज दिला त्या दिवशी पुलाचं खातं कुणाकडे होतं, हे एकही माणूस सांगत नाही. फलक शेडमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. तिन्ही नावांचा रंग कधीच वाळला. चौथं नाव अजून मिळवायचं आहे.