मामाजींचा पटवारी

सौंसर तहसिलीत गोल्फ हा खेळ जर कोणी मनापासून खेळला असेल, तर तो इंग्रजांनी नाही, त्यांच्यामागून आलेल्या खाणीच्या साहेबांनीही नाही. तो माझ्या सासऱ्यांनी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. तहसील कचेरीत हेडक्लार्क असलेले हे मामाजी एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला मला पाहायला पांढुर्ण्याला आले, पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, चहा घेतला आणि मग अंगणात जाऊन चक्क पालथे पडले. माझ्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली. आई कांदा फोडून घेऊन धावली. मामाजी एक गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून आमचं सारवलेलं अंगण न्याहाळत होते. मग उठले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "अंगण डाव्या अंगाले उतरते. बाकी सारं पसंत आहे."

त्या पालथं पडण्याचा अर्थ मला लग्नानंतर कळला. रामाकोन्याच्या वाटेवर मँगनीजची जुनी खाण होती आणि तिच्याशेजारी इंग्रज साहेबांनी आपल्या करमणुकीसाठी नऊ होलांचं गोल्फचं मैदान आखून ठेवलं होतं. एका बाजूला संत्र्याचे बगीचे, दुसऱ्या बाजूला कपाशी, मधून नाला. उन्हाळ्यात तिथे गवताची काडी टिकत नसे, म्हणून प्रत्येक होलाभोवती हिरवळीऐवजी जळकं तेल घालून दाबलेल्या वाळूचा एक गोल असे. त्याला ब्राउन म्हणत. हे ब्राउन गुळगुळीत ठेवण्याचं काम त्या काळी मामाजींचे वडील करत. अनवाणी पायांनी रोलर ओढायचा आणि उलट चालत आपल्याच पायांचे ठसे पुसत बाहेर यायचं. खेळणं तर सोडाच, साहेबांच्या काठीला हात लावायची सोय नव्हती. पुढे घराने बौद्ध धम्म घेतला, मामाजी शिकले, नोकरीला लागले आणि एक दिवस खाणीच्या मॅनेजरसमोर उभे राहून, मला मेंबर व्हायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. मैदानावर एरवी तसंही कोणी फिरकत नव्हतं. मॅनेजर भला माणूस. त्याने चहा पाजला आणि मेंबर करून घेतलं.

तेव्हापासून या माणसाला दुसरं काही दिसेनासं झालं. एका बदलून गेलेल्या साहेबाच्या अडगळीतून त्यांना तीन काठ्या मिळाल्या होत्या. लांब मारायची तो तहसीलदार, मधली नायब तहसीलदार आणि होलाजवळ हलकेच चेंडू ढकलायची ती सपाट तोंडाची काठी म्हणजे पटवारी. "वरचे किती का मोठे असेनात, शेवटी काम पटवारीच करते," असं ते कचेरीच्या अनुभवावरून सांगत. सकाळी आमच्या अंगणात तांब्या आडवा ठेवून, पालथं पडून जमिनीचा उतार पाहून मग पटवारीचा सराव चाले. चेंडू हरवले की गळून पडलेली हिरवी संत्री चालत. सासूबाई पाण्यासाठी तांब्या उचलायला गेल्या, की त्यांना थांबावं लागे. खेळताना मामाजींचं तोंड क्षणभर बंद नसे. चेंडूला ते बाबू म्हणत, त्याला रस्ता सांगत, तो कपाशीत गेला की शेतमालकाच्या आधी त्याचीच समजूत काढत. कोणाचं लग्न मोडलं, की "चेंडू नाल्यात गेला" म्हणत आणि जमलं, की "ब्राउनवर आला, आता पटवारी काढा" म्हणत.

एवढं सगळं असून त्यांचे वडील मात्र मुलाचा खेळ पाहायला कधी आले नव्हते. मामाजी दर रविवारी त्यांना चलायचा आग्रह करत आणि म्हातारा ओसरीवरून मान हलवी. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "हा जिंकन तवा जाईन, बाई. त्या वाळूवर हरलेला पोरगा पाहाले मी कायले जाऊ?" मामाजी आत ऐकत होते. त्या दिवशी जेवण होताच ते पटवारी घेऊन अंगणात गेले.

दर हिवाळ्यात छिंदवाड्याकडचे कोळसा खाणीचे साहेब सामना खेळायला येत आणि कप घेऊन जात. एका वर्षी आमच्या खाणीचे डॉक्टर ऐनवेळी तापाने पडले आणि मॅनेजरने मामाजींना जीप पाठवली. पांढरी पँट मोज्यात खोचून, सोला हॅट घालून, तिन्ही काठ्या मांडीवर घेऊन ते निघाले. मी आणि सासूबाई मागून टांग्याने गेलो. बाकीचे सामने बरोबरीत सुटले होते. सगळं येऊन थांबलं मामाजींच्या सामन्यावर आणि त्यांच्यासमोर होता एक उंचापुरा, हसतमुख इंजिनिअर. आठ होल दोघं बरोबरीत. नववा नाल्यापलीकडचा. तहसीलदाराने एका फटक्यात नाला पार केला तेव्हा सासूबाईंनी माझा हात इतका दाबला, की बांगडी फुटली. इंजिनिअरचा चेंडू होलाच्या काठाला घासून बोटभर पुढे गेला. आता मामाजींचा चेंडू एका फटक्यात आत गेला, की कप आमचा; पण तो ब्राउनच्या अगदी कडेला होता.

मामाजी पालथे पडले. गाल वाळूला, एक डोळा मिटलेला. कोळशावाले साहेब हसले नाहीत. मामाजी उठले, पटवारी हातात घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चेंडूला काहीही न बोलता त्यांनी तो ढकलला. तो डावीकडे वळला, मंदावला, आणि आत पडला. इंजिनिअरनेच आधी त्यांना मिठी मारली.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ते पाहा." बगीच्याच्या कुंपणाशी आजोबा, मामाजींचे वडील, उभे होते. कोणाला न सांगता, पायी आले होते आणि सगळं पाहिलं होतं. मामाजींनी हात केला. म्हातारा ब्राउनपर्यंत आला आणि सवयीने चपला काढू लागला.

"बाबा, घालूनच या," मामाजी म्हणाले.

आजोबा वाळूवर चालत होलापर्यंत गेले, वाकून आतला चेंडू पाहिला. परत वळले तर मागे आपलेच ठसे. ते पुसायला वाकले, तशी मामाजींनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. आज कोणी पुसनार नाही." म्हातारा उभा राहिला, आणि मग मुलाच्या हातातली काठी मागून घेऊन, ती कशी धरायची ते विचारू लागला. त्या संध्याकाळी कोळशावाले साहेब, आमचे साहेब, सगळे थांबले आणि आजोबांनी चेंडू आत घातल्यावरच चहा झाला.

आजोबा दोन-तीन वर्षांत गेले. मैदानही पुढे बंद पडलं. खोदलेली माती तिथे टाकू लागले आणि ढिगाखाली एकेक ब्राउन दिसेनासा झाला. एकदा छिंदवाड्याहून परत येताना मामाजी बसच्या खिडकीतून ते ढीग पाहत होते. मला वाटलं, त्यांच्या मनाला फार लागलं असेल. मी तसं म्हटलं.

"मैदान गेलं तं गेलं, सूनबाई," ते म्हणाले. "बाप खेळला ना माझा तिथं."