सासूबाईंचा खोकला

प्रोकोपीची सासू पंधरा दिवस राहून आज एकदाची निघणार होती. स्टेशन गोठलेल्या पेचोरा नदीपलीकडे, म्हणून त्याने पट्ट्यांवर चालणाऱ्या आपल्या जुनाट बर्फगाडीचं इंजिन ब्लोटॉर्चने शेकलं. स्टार्टर फिरला, प्लगला ठिणगी आली, पण इंजिन ढिम्म. पेट्रोलचा फिल्टर उघडला, तर आत बर्फ. पेट्रोलची नळी गोठू नये म्हणून त्याने कालच टाकीत बाटलीभर स्पिरिट, म्हणजे पिण्याजोगा शुद्ध मद्यार्क, ओतलं होतं. बाटलीच्या तळाशी उरलेले थेंब त्याने चाखले. निव्वळ पाणी!

"सासूबाई!"

"खोकला झाला होता, जावईबापू. रिकामी बाटली बरी दिसत नाही, म्हणून भरून ठेवली."

"आता गाडी कशी निघायची?"

"नाही निघाली तर राहीन की बर्फ वितळेपर्यंत!"

प्रोकोपीने टाकी उपसून नवं पेट्रोल भरलं, नळीवर नि फिल्टरवर उकळतं पाणी ओतलं. इतक्या झपाट्याने ती गाडी आजवर कधीच सुरू झाली नव्हती.