दोन वर्षं आधी धरलेली जागा

पुढच्या गोष्टीची तजवीज आधीच करून ठेवण्यात माझ्या आतेभावाचा हात धरणारा माणूस आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर नाहीच, पण पलीकडे गुजरातेत गेलात तरी मिळायचा नाही. बारशाला गेला तर त्या बाळाच्या शाळेच्या फॉर्मची चौकशी करून येणार. पंगतीत बसला तर पहिल्या घासाआधी हात धुवायचा नळ कुठे आहे ते बघून ठेवणार. धानोऱ्याच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी ती यानेच. त्यासाठी त्याच्याकडे वेगळा जाड रुमाल होता, वाऱ्याने उडू नये असा. पण खरी गंमत पुढेच आहे. एवढी झोंबाझोंबी करून धरलेल्या जागेवर हा पठ्ठ्या बसलेला मी कधी पाहिला नाही. कोणी म्हातारी दिसली, कोणी लेकुरवाळी दिसली, की "बसा मावशी" म्हणणार आणि स्वतः धानोऱ्यापर्यंत दांड्याला लोंबकळत जाणार. "अरे, मग धरतोस कशाला?" असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणतो, "दादा, जागा धरेल ऱ्हायनी का जीवले बरं वाटस." आता अशा माणसाला काय बोलणार?

तर अशा या माणसाला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मोबाइलवर शोध लागला, की काही मोठ्या मॅनेजमेंट संस्था शिकत असतानाच प्रवेश देऊन ठेवतात. आत्ता अर्ज करायचा, मग दोन वर्षं नोकरी करायची आणि त्यानंतर जाऊन वर्गात बसायचं. ही योजना खास आपल्यासाठीच काढली असावी, अशी त्याची खात्रीच पटली. थट्टा सोडा, पण त्याला ते मनापासून हवं होतं. कोरीटला त्यांची शेती. "मिरची आपण पिकवायची आणि भाव दुसऱ्याने सांगायचा, हे असं का, ते मला एकदा नीट शिकायचंय," असं तो म्हणायचा. आणि हा अर्ज फक्त शेवटच्या वर्षालाच करता येतो. एकदा संधी हुकली की हुकली.

अर्जात निबंध होते. त्यासाठी त्याने मोबाइलवरच एक मार्गदर्शक गाठले. हे गृहस्थ कोणालाही आठ दिवसांत पुढारी करून देत. सुट्टीत आमचा भाऊ मिरचीच्या पथारीवर काम करायचा. पथारी म्हणजे गावाबाहेरची मोकळी मैदानं, जिथे लाल मिरची वाळत घालतात. तिथे देठ खुडणाऱ्या बायकांना चहा नेऊन देणं हे याचं मुख्य काम. निबंधात त्याचं 'महिलांच्या मोठ्या चमूचं नेतृत्व' झालं. एकदा चहात साखर कमी पडली म्हणून बायकांनी कालवा केला होता, त्याची 'कामगारांच्या असंतोषाची यशस्वी हाताळणी' झाली. समाजसेवा हवी म्हणून धानोऱ्याच्या थांब्यावर आम्ही स्वच्छता मोहीम काढली. मी फोटोग्राफर. चांगला फोटो येईना म्हणून एकच प्लास्टिकची पिशवी आम्ही पाच वेळा टाकली आणि पाच वेळा उचलली. शेवटी तिथली एक आजी करवादली, "काय करी ऱ्हायनात रे पोरंहो? एकदाच उचला ना!"

शिफारसपत्रं दोन लागत होती. प्राध्यापकांनी "तूच लिही, मी सही ठोकतो" म्हणून पाच मिनिटांत मोकळं केलं. भावाने त्या पत्रात स्वतःची जी स्तुती केली, ती वाचून मलाच लाज वाटली. दुसरं पत्र पथारीवाल्या शेठजींचं. शेठजी जुन्या वळणाचे. गिऱ्हाइकाला माल दाखवताना पोत्याच्या तळाची ओलसर मिरची आधी दाखवायची, वरची लालभडक नंतर, हा त्यांचा जन्माचा नेम. आणि संस्थेने विचारलं होतं, उमेदवाराची एक कमतरता सांगा. सारं जग अशा ठिकाणी 'जरा जास्तच मेहनत करतो' असं लिहून मोकळं होतं. शेठजींनी सुनेला टाइप करायला बसवलं आणि सांगितलं, "पोरगा कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे. पण जागा धरतो आणि बसत नाही. दोन वर्षांनी येणार का, ते नीट विचारून घ्या." पत्र थेट संस्थेकडे गेलं. वर शेठजींनी याला बोलावून ते वाचून दाखवलं आणि पाठ थोपटली. "तुन्हा बारामा एकदम खरं लिखेल शे. फिकीर करू नको!"

फिकीर करू नको म्हणे! दोन दिवस भाऊ नीट जेवला नाही. माझी आत्या, आमच्या बोलीत फुई, शेठजींशी भांडायलाच निघाली होती. मी कसंबसं अडवलं.

मुलाखत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून झाली, कारण नेट तिथेच बरं चालतं. बाहेर मी रिक्षावाल्यांना हात जोडून हॉर्न बंद ठेवायला लावले होते. कान मात्र आत. मार्गदर्शकांनी पाठ करून घेतलेली उत्तरं भाऊ धडाधड म्हणत होता. इतक्यात तिकडच्या बाईंनी तोच प्रश्न काढला. "जागा धरता आणि बसत नाही, म्हणजे काय हो?" गेलं, मी म्हटलं, हातचं गेलं! मग त्याचा आवाज आला, नेहमीचा, साधा. "शेठजी खोटं बोलत नाहीत मॅडम. आजपर्यंत मी जागा दिली, कारण समोरच्याला ती माझ्यापेक्षा जास्त हवी होती. ही जागा मला हवी आहे." एक गिऱ्हाईक आधारकार्डाची झेरॉक्स मागत उभं होतं, त्याला मी दोनाच्या जागी सहा काढून दिल्या.

प्रवेश मिळाला. पेढे वाटले. पण पोरगा तर घरातच! गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, की ॲडमिशन झाली तर हा जात का नाही? फुईने ठरवून ठेवलेलं उत्तर दिलं, "साखरपुडा व्हई गया, लगीन दोन वरीसनंतर शे." सगळ्यांना ताबडतोब पटलं. दोन वर्षं त्याने सुरतेला नोकरी केली, दर शनिवारी गाडीने घरी. आणि जायची वेळ आली तशी याची चुळबुळ सुरू झाली. आईचे गुडघे दुखतात, कोरीटला बघायला कोणी नाही, अजून एक वर्ष पुढे ढकलता येईल का, असं विचारायला लागला. मी असा भडकलो म्हणता! बखोट धरून तिकीट काढायला लावलं आणि स्टेशनवर पोहोचवून आलो.

गेला, त्याला आता महिना झाला. फुई दर शनिवारी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसते. झेरॉक्स काढायची नसते, काही नसतं. परवा ती बसलेली असतानाच त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, करमत नही रे. तठे काही अडेल व्हई तं सांग, मी लगेच येस." मी म्हटलं, "इथं काही अडलेलं नाही. तू नाहीस हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही. गुमान अभ्यास कर." आणि फोन ठेवला. फुईने पदर सावरत विचारलं, "काय म्हने?" मी यंत्रात कागद भरत म्हटलं, "मजामा शे. घरनी आठवणबी येत नही त्याले."

एका दमात दोन माणसांशी इतकं धडधडीत खोटं मी जन्मात बोललो नव्हतो.