कुणी न उघडलेले प्रबंध

सोमवार, ४ मार्च २०२४, सकाळी साडेदहा. ग्रंथालय समितीची बैठक सुरू झाली. निवृत्तीनंतर उत्तरेतल्या या संशोधन संस्थेने मला करारावर ठेवले आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लोक काय उघडतात, याची आकडेवारी मांडणे हे माझे काम.

पडद्यावरच्या आकडेवारीत संचालकांचे मनोगत सर्वांत वर होते, संस्थेतील जुने प्रबंध तळाशी.

"देखिए, मनोगत लोग पढ़ते हैं," अध्यक्ष प्रसन्न झाले. "थीसिसवाला हिस्सा हटा दीजिए जी. कोई देखता ही नहीं."

मी सांगितले, वाचनकक्षातील प्रत्येक संगणक सुरू होताच मनोगतच उघडतो आणि त्यावर कुणी थांबत नाही. शोधचौकटीत लोक प्रबंधच शोधतात. पण ती चौकट केवळ पुस्तके धुंडाळते आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवते. प्रबंध 'इतर सेवा' या मथळ्याखाली, सुट्ट्यांच्या यादीनंतर आहेत. वाट सापडत नाही, याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. प्रबंध मनोगताच्या जागी आणावेत.

"और मनोगत कहाँ जाएगा? डायरेक्टर साहब से आप पूछेंगे?"

महिनाअखेर प्रबंध संकेतस्थळावरून काढून टाकावेत, असे ठरले. मग समोसे आले. मी घेतला नाही.

दुपारी एक संशोधक विद्यार्थिनी आली. लातूरची, माझ्याशी मराठीत बोलते. एका औषधी वनस्पतीवरचा संशोधन प्रस्ताव तिला उद्या द्यायचा होता.

"सर, यावर आपल्याकडे कामच झालेलं नाही. तसं लिहिलंय मी."

"झाले आहे," मी म्हणालो आणि त्याच वनस्पतीवरचा एक जुना प्रबंध उघडून दिला.

ती बराच वेळ वाचत राहिली. तिने योजलेले बहुतेक प्रयोग त्यात होते.

"हे कुठं होतं, सर?"

"इतर सेवांत."

"तिथं मेसची माहिती असेल असं वाटलं मला. दोन वर्षं पुन्हा तेच केलं असतं की मी."

"प्रस्ताव बदला."

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कंत्राटदाराला मी फोन केला. "अंकलजी, कमेटी के साइन के बिना एक बटन नहीं हिलेगा. पक्का," तो म्हणाला. अध्यक्ष घरी गेले होते.

प्रबंधांच्या पानाचा पत्ता मी मोठ्या अक्षरांत छापला आणि वाचनकक्षातील प्रत्येक पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावला. खिडकीजवळच्या पडद्यावरचा कागद तिरका लागला होता. तो काढून सरळ लावला.