अकरा दिवसांचा अबोला

आमच्या माहेरी मुलांवर कधी कुणी हात उगारला नाही, हे मी द हेगच्या घरी येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. आई चिडली की बोलणं बंद करायची, एवढंच. ताट वेळेवर समोर यायचं, वेणीही घालून मिळायची, पण तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही भावंडं सुतासारखी सरळ. शेजारच्या घरात पट्टा निघायचा. आम्ही सुसंस्कृत, आमच्याकडे अबोला.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. नवरा सकाळच्या गाडीने आर्नहेमच्या ऑफिसला जायचा आणि मी, पुण्यात चांगली इतिहासाची शिक्षिका, इथे नेदरलँड्समध्ये व्हिसाच्या कागदावर ‘डिपेंडंट’ होऊन घरात बसले होते. चौदा वर्षांची लेक इंग्रजी शाळेत होती. तिला प्रोजेक्ट मिळाला, एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधले पोलीस आणि शिक्षा, आणि मला दिवाळी आल्यासारखं झालं. शाळेतून आली की दप्तर पाठीवरून उतरायच्या आत तिचं सुरू व्हायचं. "आई, किरकोळ चोरीला फाशी द्यायचे, कॅन यू बिलीव्ह? आणि पोलिसांचे कोट मुद्दाम निळे केले, लाल बघून लोकांना सैन्य वाटेल म्हणून!" मी पोळ्या लाटायचे, ती ओट्यावर बसून बडबडायची. घरात मराठी बोलायची ती फक्त माझ्याशी.

एका शनिवारी ‘मैत्रिणीकडे प्रोजेक्ट करते’ म्हणून गेली. दुपारी त्याच मैत्रिणीच्या आईचा मला फोन आला, मुली तुमच्याकडेच आहेत ना? संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा बुटांत वाळू होती. चौघी ट्रॅमने समुद्रावर गेल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लगेच कबूल केलं, सॉरी म्हणाली. मी तिचं ताट वाढलं आणि बोलणं बंद केलं.

चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, हवं तर मार मला. पण बोल ना." मी नळ मोठा सोडला आणि भांडी घासत राहिले. मनात म्हटलं, आम्ही मारणाऱ्यातले नाही.

सहाव्या दिवशी प्रोजेक्टचे कागद डायनिंग टेबलावर ठेवलेले दिसले. वर पिवळी चिठ्ठी, ‘प्लीज चेक’. ती शाळेत असताना मी पेन्सिल घेऊन बसले. छान लिहिलं होतं पोरीने. फाशी कमी झाली, लोकांना दूर ऑस्ट्रेलियाला धाडणं हळूहळू थांबलं, आणि नव्या तुरुंगांत मारझोड करण्यापेक्षा माणसाला एकटं ठेवायची पद्धत आली. फिरायला काढताना तोंडावर मुखवटा, प्रार्थनेलाही लाकडी खोक्यात वेगवेगळं बसायचं. कैद्याने आपणहून बोलायचं नाही, विचारलं तरच आणि तेवढंच उत्तर द्यायचं. काही जणांना वेड लागलं. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘हे करणारे दुष्ट नव्हते. त्यांना ही दयाच वाटत होती. एकांतात माणूस आपल्या चुकीचा विचार करेल, असं त्यांना वाटलं. मला वाटतं, तो फक्त आपल्याशी कोण बोलेल याचा विचार करत असेल.’

शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘पुरावा काय? स्वतःचं मत नको.’ दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला दीडशे वर्षांपूर्वीचं कुसळ दिसत होतं. तिने ते वाक्य काढून टाकलं.

अकराव्या दिवशी मीच कंटाळले. ती शाळेतून आल्यावर विचारलं, "प्रोजेक्ट दिलास का?"

"यस."

"बाईंना आवडला?"

"आय थिंक सो." आणि दप्तर घेऊन ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. मला वाटलं, सरळ झाली.

ओट्यावर ती पुन्हा कधी बसली नाही. मी वाट पाहिली, तिच्या आवडीचं करून पाहिलं. चूक माझी होती हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा ती दुसऱ्या गावात राहत होती. एकदा धीर करून फोनवर म्हणाले, "तेव्हा मी असं वागायला नको होतं गं." ती म्हणाली, "इट्स ओके, आई. खूप जुनं झालं ते." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता तिशी ओलांडली तिने. दर रविवारी न चुकता फोन करते. मी तब्येत विचारली की तब्येत सांगते, काय जेवलीस विचारलं की जेवण सांगते. मग थांबते, आणि मी पुढे काय विचारते याची वाट बघते.